मावशींचं टोपडं

चिखलीला मुलींच्या शाळेत माझी पहिली नोकरी लागली, आणि जिच्या घरी मी भाड्यानं राहिले त्या बाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या डोक्यावर पदर होता आणि पदरावर लष्करी हेडफोन होता. ओट्यावर बसून ती तुरीची डाळ निवडत होती. दोन काळ्या वाट्या कानांवर घट्ट बसलेल्या, त्यांतून निघालेली जाड वायर खांद्यावरून उतरून दारातून आत गेलेली. हातातली वळकटी सावरत मी विचारलं, खोली इथंच द्यायची आहे का. तिनं नुसतं बोट वर केलं. मी उन्हात उभी. बऱ्याच वेळानं एक वाटी कानावरून सरकवून ती म्हणाली, "बाजारभाव चालू होते. आता बोला."

तिथूनच परत फिरायला हवं होतंस, असं माझी आई पुढे कित्येक वर्षं म्हणायची. मी फिरले नाही याचा मला आजही आनंद आहे.

गल्लीत सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. हेडफोनला गल्लीनं नाव ठेवलं होतं टोपडं. लहान बाळाला घालतात तसं हे म्हातारपणी मावशींनी घातलंय, असा त्यातला टोमणा. मावशींना तो पोचला होता, पण त्यांनी तो शब्दच उचलून स्वतःचा करून टाकला. "बाई, माहं टोपडं कुठं ठेवलं?" असं त्या भर गल्लीत विचारायच्या, मग टोमण्यातली गंमतच निघून जायची.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "कोन म्हनते?" आज पाऊस येईल म्हटलं, की कोन म्हनते. विधवेनं चहा इतका गोड पिऊ नये, कोन म्हनते. महाराष्ट्र होऊन मुंबई राजधानी झाली, असं मी एकदा शाळेतल्या आवाजात सांगायला गेले, तर तेच. त्यांच्या लेखी राजधानी नागपूरच होती आणि त्याचं कारण पुढे येईल. एकदा देवळात कीर्तन होतं. पुजाऱ्यांनी त्यांना पुढून उठून मागं बसायला सांगितलं. मावशींनी विचारलं, कोन म्हनते? पुजाऱ्यांनी पोथीकडे बोट दाखवलं. मावशी म्हणाल्या, "पोथी तं गुमान बसली हाय. तुमीच बोलून राह्यले." आणि कीर्तन संपेपर्यंत पुढेच बसल्या. मी त्यांच्या शेजारी होते, आणि खरं सांगायचं तर मला घाम फुटला होता.

एकाच माणसाला त्या हा प्रश्न तोंडावर विचारू शकत नव्हत्या. ते म्हणजे त्यांचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. अंगण एकच, अलीकडे मावशींचं घर, पलीकडे भासऱ्यांचं. भासऱ्यांशी बोलायचं नाही, ते आले की पदर ओढून आडोशाला जायचं, ही तिकडची रीत. लग्न होऊन आल्यापासून मावशींनी ती एकदाही मोडली नव्हती. बोलायचं नाही म्हणजे गप्प राहायचं असं मात्र त्यांनी कधी मानलं नाही. भासरे अंगणात असले की त्या म्हशीशी बोलत. "काऊन वं, बांधावरची निंबाची फांदी कोनाले इचारून तोडली?" म्हैस रवंथ करायची. भासरे खाकरून म्हशीलाच उत्तर द्यायचे. मी राहायला आले आणि म्हशीची सुटका झाली. "बाई, त्याइले सांगजा," असं मावशी म्हणत. "बाई, तिले सांगा," असं भासरे म्हणत. दोघंही एकमेकांना स्वच्छ ऐकू जाईल इतक्या अंतरावर उभे असत. मी सुरुवातीला प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवायची. नंतर नुसती मान हलवू लागले.

आता टोपड्याचं कारण. मावशींना एकच मुलगी. ती नागपूरला कॉलेजात शिकायला गेली, तिथंच गाणं शिकली आणि तिथंच जातीबाहेर लग्न केलं, एका तबला वाजवणाऱ्याशी. भासऱ्यांना जात जास्त खटकली की तबला, हे मावशींना शेवटपर्यंत कळलं नाही. बातमी आली त्या दिवशी भासऱ्यांनी विहिरीवर जाऊन पुतणीच्या नावानं अंघोळ केली. मेलेल्या माणसाची करतात तशी. त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी केली. मावशींकडेही निरोप आला. मावशींनी उलट कळवलं, तब्येत बरी नाही. त्या दिवशी त्यांनी अंघोळ केली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढेही कितीतरी दिवस नाही. ऐन उन्हाळ्यात. "कोनाले असं वाटाले नको का मी पोरीच्या नावानं पानी घेतलं," हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा राग होता. तो राग मला फार आवडला होता, आजही आवडतो.

मग भासऱ्यांनी ओट्यावर चार भाऊबंद बसवून फर्मान काढलं. पोरीनं या घरात पाय ठेवायचा नाही, मावशींनी तिच्या घरी जायचं नाही, तिचं नाव घरात निघता कामा नये, तिचा आवाज घरात येता कामा नये. दाराआडून मावशींनी शब्द दिला. इतक्या सहज दिला, तेव्हाच भासऱ्यांनी सावध व्हायला हवं होतं.

कारण पुढे ती मुलगी नागपूरच्या रेडिओवर गाऊ लागली. मावशींकडे नवऱ्याच्या वेळचा मोठा लाकडी रेडिओ होता. तो लावला असता तर आवाज घरात आला असता आणि शब्द मोडला असता. मावशी एस.टी.नं खामगाव गाठून तिथून नांदुऱ्याला गेल्या. स्टेशनजवळ एक रेडिओ दुरुस्त करणारा होता, त्याच्याकडे लष्कराच्या लिलावातला जुना माल असे. त्याच्याकडून हे वापरलेलं टोपडं आणलं. पुढे त्यालाच चिखलीला बोलावून रेडिओच्या मागं भोक पाडून घेतलं. त्यात टोपड्याची पिन घातली की रेडिओची पेटी मुकी, आवाज फक्त कानात. "घर येगळं, कान येगळा," असं मावशींचं म्हणणं. भावकीत यावर बराच खल झाला, पण शब्दात चूक कुणाला काढता आली नाही.

महिन्याकाठी एखादं गाणं लागायचं. कोण गाणार ते आदल्या दिवशी रेडिओवरच सांगत. त्या दिवशी मावशींच्या हातून दूध उतू जायचं. मुलीला डोळ्यांनी पाहून वर्षं झाली होती. तिला लेकरू झालं तेही परभारे कळलं होतं. आईकडे तिचं असं उरलेलं होतं ते एवढंच, तीन-चार मिनिटं कानात येणारा आवाज.

थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या आणि खाली बसल्या. टोपडं हातात. "निम्मं गानं खरखरीत गेलं, बाई," म्हणाल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नाही, तेव्हाही नाही. पण त्यांनी टोपडं आजारी लेकरासारखं धरलं होतं.

दुपारपर्यंत त्या सावरल्या आणि कामाला लागल्या. मी पाहिलेल्या माणसांत दुखणं शोधण्याची अशी जिद्द दुसऱ्या कुणात नव्हती. पहिला प्रश्न, खरखर पेटीत आहे की टोपड्यात? त्यांनी मला पिन काढून ऐकायला सांगितलं. बाजारभावाला घरात बंदी नव्हती. पेटी स्वच्छ बोलत होती. म्हणजे टोपड्यात, आणि खरखर यायची ती डाव्या कानाशी. तेवढ्यात भासऱ्यांचा मुलगा आला, तो तहसिलीत कारकून होता आणि त्याला सगळंच कळायचं. तो म्हणाला, काकू, टोपड्यात काही नाही, तुमचा डावा कान गेला, वय झालं. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, टोपडं काढलं, उलटं करून पुन्हा चढवलं. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. क्षणभर ऐकलं. "खरखर इकडे आली," म्हणाल्या. "कान नाही हिंडत रे बाप्पा डोक्यावरून." कारकून आला तसा गेला.

म्हणजे दोष त्या एका वाटीत किंवा तिच्या वायरीत. मावशींनी वायर बोटांच्या चिमटीत धरली आणि पिनेपासून वरपर्यंत हळूहळू चाचपत नेली, सुतात गाठ शोधतात तशी. एका जागी दाबलं की खरखर थोडी कमी व्हायची. तिथं त्यांनी चिंधी बांधली, आणि वायर हलू नये म्हणून ती पदराला सेफ्टी पिननं टाचली. मान वळवताना जी मोठी करकर व्हायची ती गेली. बारीक खरखर राहिलीच.

मग पिन. पिन पितळेची होती, काळवंडलेली. आता पितळ म्हटलं की आमच्याकडच्या बाईचा हात आपोआप चिंचेकडे जातो. मावशींनी चिंच-मिठानं ती अशी लखलखीत घासली की समईशेजारी ठेवावी. दुसऱ्या दिवशी पिनेवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं आणि खरखरीला फडफडही जोडली गेली. रॉकेलचा बोळा फिरवून ते काढलं तेव्हा कुठं पुन्हा होतो तिथं आलो. मधल्या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला सांगितलं की हा हवेतल्या विजेचा परिणाम. भासऱ्यांच्या बायकोनं, म्हणजे मावशींच्या जावेनं सांगितलं की हा पोरीच्या कर्माचा परिणाम. मावशी दोन्हींवर तोच एक प्रश्न विचारून मोकळ्या झाल्या.

शेवटी आम्ही दोघी नांदुऱ्याला गेलो. दुकानदारानं टोपडं हातात घेऊन नुसतं हलवलं आणि परत दिलं. फौजी माल आहे, कुठं कुठं आपटला असेल कोण जाणे, याला हात लावण्यात अर्थ नाही, नवीन घ्या. नवीन त्याच्याकडे होतंही, कपाटात, चकचकीत. मावशींना ते घेणं जड नव्हतं, चांगली कपाशीची जमीन होती. मीही म्हटलं, घेऊन टाका. परतीच्या एस.टी.त त्या म्हणाल्या, "बिघडलं का टाकून द्या, बिघडलं का नावानं अंघोय करा. मले नाही जमत ते. याले काय झालं ते समजल्याबिगर मी याले टाकत नाही."

त्या आठवड्यात त्यांनी नुसतं ऐकलं. बाजारभाव, भजन, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, जे लागेल ते, फक्त डावी वाटी कानाला लावून. मग एके दिवशी मला म्हणाल्या की माणूस हळू बोलला तर खरखर नाही, गाणारीनं वरचा सूर लावला की होते. सुपात थोडेसे दाणे राहिले आणि सूप हलवलं की वाजतात, तसं आत काहीतरी सुटं आहे. आणि हे सुरू कधी झालं? पितृपक्षातलं गाणं स्वच्छ होतं. दिवाळीतलं खराब. मध्ये काय झालं?

मध्ये दसरा झाला होता. खंडेनवमीला मावशींनी पाटावर विळा, कुऱ्हाड, शिवणयंत्राची मूठ आणि टोपडं मांडून पूजा केली होती. घरात वर्षभर राबतं ते हत्यार, आणि मावशींच्या घरात सगळ्यांत जास्त टोपडं राबत होतं. त्यावरही हळदकुंकू, अक्षता. मग त्यांना आणखी एक आठवलं. त्या वेळी जावेनं अंगणापलीकडून टोकलं होतं, अक्षतांना अख्खे तांदूळ घ्यावेत, तू कण्या घेतल्यास. मावशींनी तिला सुनावलं होतं, लोखंडाले काय समजते अख्खं आन् तुकडा.

आम्ही ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं. वाटीचं काळं झाकण मळसूत्रावर होतं, पण घट्ट बसलेलं. मावशींनी ते पदरात धरून पिळलं. झाकणाला मध्ये बारीक भोकं, त्याखाली लोखंडाची पातळ चकती, चुंबकाला चिकटलेली. चकतीवर कुंकवाचा लाल थर होता आणि त्यात तांदळाच्या कण्या. अख्खा दाणा त्या भोकांतून आत गेलाच नसता.

मावशींनी एक कणी बोटावर उचलून पाहिली. आपलं चुकलं असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "पूजाच लागली म्हना याले," एवढं बोलल्या आणि हसू लागल्या. मग मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही हसलो. पलीकडून जाऊ विचारत होती काय झालं, आणि मावशींनी मला खुणेनं बजावलं की तिला काही एक सांगायचं नाही. माझ्या रंगकामाच्या कोरड्या ब्रशनं मी चकती झाडली, मावशींनी मऊ फडक्यानं पुसली, झाकण लावलं. उजवी वाटीही उघडून पाहिली, तिच्यात नुसतं कुंकू होतं. त्या संध्याकाळी खामगावच्या कपाशीचे भाव इतके स्वच्छ ऐकू आले की मावशींनी ते मलाही ऐकवले.

पुढच्याच रविवारी सकाळी मुलीचं गाणं होतं. या खेपेला दोन गाणी आहेत असं म्हणून शनिवारी संध्याकाळी रेडिओवर तिचं नाव सांगितलं. ते बाजारातल्या हॉटेलातही लोकांनी ऐकलं, आणि त्याच वेळी भासरे तिथं चहा पीत होते.

रविवारी मावशींनी न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसलं, टोपडं चढवलं, पिन घातली. मी दाराजवळच्या रेडिओपाशी त्यांच्या शेजारी बसले. तेवढ्यात भासरे आले. ते एरवी मावशींच्या उंबऱ्याआत येत नसत. त्यांनी पायरीवर जोडे काढले, आत आले, आणि भिंतीकडे तोंड करून मला म्हणाले, "बाई, तिले सांगा. काल हॉटेलात चार मानसाइनं मले इचारलं, तुमची पुतनी गाते का म्हनून. मान खाली घालून उठलो मी. आन् इथं हे लपून लपून ऐकते. आजपासून हे बंद. तो डबा मी घेऊन जातो."

मावशी पदर ओढून उठल्या होत्या. एक वाटी त्यांनी कानामागं सरकवली होती, म्हणजे सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता रडतील. रेडिओ गेला तर मुलगी पुन्हा कानावर पडणार नव्हती, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

"बाई, त्याइले सांगजा," त्या म्हणाल्या, आणि आवाज अगदी साधा होता. "मी लपून नाही ऐकलं. ओट्यावर बसून ऐकलं, साऱ्या गल्लीच्या समोर. पोरीचा आवाज घरात येऊ देनार नाही, असा शब्द देल्ला होता. तो मी पाळला. माह्या कानाचा शब्द मी कोनाले देल्ला नव्हता. आता त्याइले माहे कानही पाह्यजे असन, तं मंग तो शब्द आज संपला."

त्यांनी टोपडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं, रेडिओच्या मागं हात घातला आणि पिन ओढून काढली.

पेटी एकदम बोलू लागली. निवेदक नेमकं नाव सांगत होता. जे नाव त्या घरात इतकी वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं, ते एका परक्या माणसानं ठणठणीत आवाजात उच्चारलं. अंगणात जाऊबाई हातात झाडू घेऊन थबकल्या.

भासरे दाराकडे वळले. "मीटर माह्या घरात हाय," ते मला म्हणाले. खरंच होतं ते. मावशींच्या घरातली वीज त्यांच्याकडूनच तारेनं आलेली होती. अंगण ओलांडून एक खटका खाली ओढला की पेटी बंद. ते तरातरा बाहेर गेले आणि जोडे घालायला पायरीवर बसले. मावशींनी त्यांना अडवलं नाही. त्या दारात उभ्या राहिल्या, पदर कपाळापर्यंत, आणि एक हात मागं रेडिओकडे.

गाणं सुरू झालं. मी तो आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सुरुवातीला तो जरा दबलेला होता, मग मोकळा झाला. वरच्या सुराला गेला तेव्हा मी सवयीनं खरखरीची वाट पाहिली. खरखर नव्हती. समोरच्या ओट्यावर बायका येऊन उभ्या राहिल्या, कुणी पोळपाट तसाच टाकून आली होती. ही पोर याच अंगणात पाढे म्हणत वाढली होती, तिला सगळ्याच ओळखत होत्या. मला त्या क्षणी मावशींचा इतका अभिमान वाटला की उगाच ताठ बसले.

भासऱ्यांनी एक जोडा पायात चढवला होता. दुसरा हातात होता. तो त्यांनी पायाशी नेला, आतला खडा झटकल्यासारखं केलं, परत पाहिला. आत खडा नव्हता. पहिलं गाणं संपलं, तरी जोडा हातातच होता आणि वीज चालू होती.

"बाई," मावशी म्हणाल्या, "त्याइले सांगजा, अजून एक हाय."

मी सांगायला तोंड उघडलं. भासऱ्यांनी मान वर केली नाही, पण ते उठलेही नाहीत. मावशींनी मागं हात नेऊन आवाज आणखी वाढवला.